चादर कोण धरणार?

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कुणकेश्वरच्या कुठल्याही घराच्या खळ्यात, दुपारी साडेबाराच्या सुमारास, मांडवाखाली उभं राहून खाली बघावं. सारवलेल्या जमिनीवर कवडसे सांडलेले असतात. वर मांडवावर घातलेल्या चुडतांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात. एखादी लांबट, एखादी तिकोनी, एखादी नुसतीच चीर. जमिनीवरचे कवडसे मात्र जवळजवळ सगळे गोल. फट तिकोनी आणि कवडसा गोल, हे कसं?

कारण जमिनीवर पडलेला तो आकार फटीचा नसतोच. ते सूर्याचं चित्र असतं. सूर्याच्या प्रत्येक बिंदूतून आलेला किरण सरळ रेषेत फटीतून खाली उतरतो आणि आपापल्या जागी पडतो. फट पुरेशी लहान आणि जमीन पुरेशी लांब असली, की फटीचा आकार पुसला जातो आणि उजेडाच्या उगमाचा आकार उरतो. हिशेबही सोपा आहे. फटीपासून जमिनीपर्यंतचं जे अंतर, त्याला 108 ने भागलं की कवडशाचा व्यास मिळतो. मांडव अडीच मीटर उंच असेल, तर कवडसा सव्वादोन-अडीच सेंटिमीटरचा, म्हणजे रुपयाच्या नाण्यापेक्षा किंचित मोठा. खंडग्रास ग्रहण लागलं, तर याच मांडवाखाली शेकडो चंद्रकोरी पडतात. फोटो काढायचं पहिलं यंत्र हे असं आहे. त्याला ना भिंग लागतं, ना बॅटरी, आणि कोकणात ते दरवर्षी नव्याने शाकारलं जातं.

या प्रकरणात आपण घरातल्या, परसातल्या आणि बंदरावरच्या वस्तूंना फोटोग्राफीच्या कामाला लावणार आहोत. त्याआधी एक सवय सोडावी लागेल. दुकानात गेलं की आपण वस्तूचं नाव सांगतो: ट्रायपॉड द्या, रिफ्लेक्टर द्या, डिफ्यूजर द्या. घरात कामाचं नाव विचारावं लागतं. ट्रायपॉडचं काम कॅमेरा हलू न देणं, रिफ्लेक्टरचं काम सावलीत उजेड पाठवणं, डिफ्यूजरचं काम ऊन मऊ करणं. एकदा काम कळलं, की वस्तू बहुधा हाताशीच असते.

हलू न देणारा गडगा

कुणकेश्वरचं देऊळ अगदी समुद्राला लागून आहे आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. त्यामुळे सूर्य पाण्यात बुडाल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं फोटोसाठी सगळ्यात मोलाची. आकाश अजून निळं असतं आणि देवळातले दिवे लागलेले असतात. पण उजेड इतका कमी झालेला असतो, की कॅमेऱ्याचा पडदा पाव-अर्धा सेकंद उघडा ठेवावा लागतो. हातात धरलेला कॅमेरा तेवढा वेळ स्थिर राहत नाही. 50 मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाच्या पन्नासाव्या भागापेक्षा जास्त वेळ हातावर भरवसा ठेवू नये, असा जुना ठोकताळा आहे.

इथे मदतीला येतो जांभ्या चिऱ्याचा गडगा. गडगा हलत नाही, पण खडबडीत असतो, त्यावर कॅमेरा कलतो. म्हणून जाड कापडाची वीतभर पिशवी शिवावी, तिच्यात दोन-तीन भांडी उकडे तांदूळ भरावेत आणि तोंड शिवून टाकावं. पिशवी गच्च भरू नये, एक तृतीयांश मोकळी ठेवावी. मग कॅमेरा तिच्यात दाबला की दाणे बाजूला सरून त्याच्या अंगाबरोबर बसतात. तांदळाऐवजी किनाऱ्यावरची वाळू भरायचा मोह होतो, तो टाळावा. शिवणीतून निसटलेला वाळूचा एक कण भिंगाच्या काचेवर कायमचा ओरखडा काढायला पुरतो. शेवटी बटण बोटाने न दाबता दोन-तीन सेकंदांचा टायमर लावावा. तो प्रत्येक फोनमध्ये असतो आणि फुकट असतो.

जिथे गडगा नाही, तिथे दोरी. कॅमेऱ्याच्या तळाशी पाव इंची बोल्ट बसवायचा, त्याला जाळ्याची नायलॉनची दोरी बांधायची, दोरीचं खालचं टोक पायाखाली दाबायचं आणि कॅमेरा वर ओढून दोरी ताणायची. काथ्याचा सुंभ चालत नाही, तो ताण दिला की लांबतो. ताणलेली दोरी हाताचा वर-खाली हेलकावा बराच मारते. पूर्ण ट्रायपॉडचं काम ती करत नाही, पण जत्रेच्या गर्दीत, जिथे तीन पाय पसरायला जागाच नसते, तिथे ती ट्रायपॉडपेक्षा सोयीची.

बोल्टबद्दल एक ठेच सांगतो, माझ्या अक्कलखात्यात जमा असलेली. कॅमेऱ्याच्या तळाचं भोक जगभर पाव इंचाचं, इंचाला 20 आटे असलेलं असतं. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो 6 मिलिमीटरचा बोल्ट. पाव इंच म्हणजे 6.35 मिलिमीटर. फरक इतका कमी, की 6 चा बोल्ट आत जातो आणि बसल्यासारखा वाटतो. मी तो पान्याने आवळला. आट्यांचं अंतर जुळत नसल्यामुळे कॅमेऱ्याचे आटे सोलले गेले, आणि पाच रुपयांच्या बोल्टने तळाची पट्टी बदलायचा खर्च अंगावर घातला. दुकानदाराला ‘पाव इंची, 20 आट्यांचा’ असं स्पष्ट सांगावं, आणि बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत सैल फिरला तरच तो आपला समजावा.

मऊ ऊन

भरदुपारी पुळणीवर माणसाचा फोटो काढला, की डोळ्यांच्या खोबणीत काळे खड्डे आणि नाकाखाली मिशीसारखी सावली येते. दोष उन्हाच्या प्रखरपणाचा नसतो, सूर्याच्या आकाराचा असतो. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. उजेडाचा उगम जितका लहान, तितकी सावलीची कड धारदार. ऊन मऊ करायचं म्हणजे उगम मोठा करायचा.

त्यासाठी पांढरा सुती पंचा पुरतो. दोघांनी तो माणसाच्या डोक्यावर हातभर अंतरावर ताणून धरला, की माणसाच्या दृष्टीने सूर्य आता पंच्याएवढा झाला. सावल्या विरघळतात. पंचा रंगीत काठाचा असेल तर काठ बाहेर ठेवावा, नाहीतर लाल काठाचा रंग गालावर उतरतो. पंच्यात बराच उजेड अडतो, पण पुळणीवर उजेडाची टंचाई कधीच नसते.

दुसरा उपाय खालून. देवगड बंदरात मासळी बर्फात घालून पाठवतात, त्या थर्माकोलच्या खोक्याचं झाकण म्हणजे उत्तम रिफ्लेक्टर. तो आरशासारखा झोत टाकत नाही, सगळीकडे सारखा पांढरा उजेड परतवतो. छातीच्या उंचीवर, चौकटीच्या जरासा बाहेर, चेहऱ्याकडे कलवून धरला की डोळे उजळतात. जितका जवळ आणाल तितका जास्त उजेड. अंतर निम्मं केलं की फरक लगेच जाणवतो. वास जाईपर्यंत झाकण दोनदा साबणाने धुवावं, नाहीतर फोटोत चेहरा उजळ आणि भुवया आक्रसलेल्या येतात.

इथे थोडं थांबून शंभर वर्षांहून जुन्या एका चादरीकडे बघू. दादासाहेब फाळके 1912-13 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रित करत होते, तेव्हा तिथे विजेचे झोत नव्हते, सूर्य हाच दिवा होता. सरस्वतीबाई फाळके कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंत कामं करत. शिवाय त्या पांढऱ्या चादरी धरून तासन्‌तास उन्हात उभ्या राहत, नटांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून. भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या कथापटाचा रिफ्लेक्टर घरातली चादर होती. पण चादर आपोआप उभी राहत नाही. ती कुणीतरी धरायला लागते. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आंब्याचा बॉक्स

देवगड तालुक्यात रिकाम्या पुठ्ठ्याच्या आंब्याच्या बॉक्सचा तुटवडा कधीच नसतो. आता अनेक बागायतदार फोनवर फोटो पाठवून थेट गिऱ्हाईकाला आंबा विकतात, आणि गिऱ्हाईक फोटो बघून पैसे पाठवतं. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत आंब्यावर एक पांढराफटक ठिपका येतो आणि बाकीचं फळ सपाट दिसतं. म्हणून आंब्याचा फोटो आंब्याच्याच बॉक्समध्ये काढावा.

बॉक्स आडवा ठेवून तोंड आपल्याकडे करावं. डावी, उजवी आणि वरची बाजू दोन बोटांची किनार सोडून कापून टाकावी. त्या तीन खिडक्यांवर ट्रेसिंग पेपर ताणून चिकटवावा, तो नसेल तर बटर पेपर. मागच्या भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली तळापर्यंत एक पांढरा ड्रॉइंग शीट घडी न घालता, घसरगुंडीसारखा सोडावा. घडी नसली की भिंत कुठे संपली आणि जमीन कुठे सुरू झाली ते दिसत नाही. एवढं झालं की बॉक्स पडवीच्या कडेला, आकाशाच्या उजेडाकडे खिडकी करून ठेवावा. दिव्याची गरजच पडत नाही.

आता तोच हापूस आत ठेवून बघा. चमक एका ठिपक्यात न साठता सालीवर रुंद पसरते, फळाची गोलाई डोळ्यांना कळते, देठाजवळचा खळगा आणि सालीवरचे बारीक ठिपके दिसू लागतात. जत्रेतल्या खाज्याचा फोटो काढायचा असेल, तर एका बाजूची खिडकी काळ्या पुठ्ठ्याने बंद करावी. एकाच बाजूने उजेड आला की गुळाच्या थराचा खरबरीतपणा उठून येतो.

रात्री काम करायचं असेल तर बाहेरून दोन एलईडी बल्ब लावावेत, पण दोन्ही एकाच कंपनीचे आणि एकाच रंगछटेचे. एक पिवळट आणि एक निळसर लावला, तर आंबा एकीकडे पिकलेला आणि दुसरीकडे हिरवट दिसेल, आणि गिऱ्हाईक नेमका तोच प्रश्न विचारेल. स्वस्त बल्बांची आणखी एक खोड म्हणजे आपल्याकडच्या 50 हर्ट्झ विजेवर ते सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण कॅमेऱ्याचा पडदा फार भरभर उघडला-मिटला तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात. शटर सेकंदाच्या पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवलं की पट्टे जातात. महाशिवरात्रीच्या यात्रेत रात्री दुकानांचे फोटो काढतानाही हाच उपाय.

जिथे जुगाड करू नये

कोकणात कॅमेऱ्याचा खरा शत्रू पाऊस नव्हे, दमट हवा. पावसाला निदान इरलं पांघरता येतं. प्लास्टिकच्या पिशवीच्या तळाला भिंगाएवढं भोक पाडावं, भिंगाभोवती रबरबँडने आवळावं, पिशवीच्या तोंडातून हात आत घालावेत, झालं कॅमेऱ्याचं इरलं. पण हवेतली ओल चोरपावलांनी येते. आर्द्रता 60-65 टक्क्यांच्या वर सतत राहिली की भिंगाच्या आतल्या काचांवर बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा दिवसेंदिवस त्याहून ओली असते.

त्यावर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा उपाय चांगला चालतो. जेलचे दाणे ओल पिऊन रंग बदलतात, मंद आचेवर जुन्या तव्यात सुकवले की पुन्हा कामाला येतात. तो तवा मात्र परत भाकरीला वापरू नये. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवण्याची समजूत सोडून द्यावी. कोकणातला तांदूळ स्वतःच हवेतली ओल पिऊन बसलेला असतो, वर त्याची भुकटी कॅमेऱ्यात जाते. खाऱ्या वाऱ्यात वापरलेला कॅमेरा कोरड्या फडक्याने घासू नये. आधी फुंकणीने वाळू उडवावी, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापडाने अंग पुसावं. काचेला पंचा लावू नये.

आणि सूर्याच्या बाबतीत जुगाड मुळीच नाही. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, दोन गॉगल एकावर एक, यांतलं काहीही ग्रहण बघायला वापरू नये. उष्णतेचे अदृश्य किरण यांतून आत येतात आणि डोळ्याचा पडदा भाजला तरी दुखत नाही. वेल्डिंगवाल्याकडची 14 क्रमांकाची काच चालते, त्याखालची नाही. त्यापेक्षा मांडवाखाली जाऊन कवडसे बघावेत.

विजयदुर्ग आणि तळणी

सूर्यग्रहण आणि फोटो यांचं या तालुक्याशी जुनं नातं आहे. कुणकेश्वरच्या उत्तरेला, देवगड तालुक्यातच विजयदुर्ग आहे. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली याच किनाऱ्यावरून आत शिरली. ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर आपली उपकरणं घेऊन विजयदुर्गावर उतरले होते. किल्ल्यावरचे ‘साहेबाचे ओटे’ त्याची आठवण सांगतात. हेलियमचा शोध इथेच लागला असं गावात सांगतात, पण त्या शोधाचं साल 1868 आहे, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते. 1898 मध्ये इथे झालं ते खग्रास सूर्याचं छायाचित्रण. खग्रास अवस्था दोनेक मिनिटांची, आणि तेवढ्यात अनेक उपकरणं चालवायची. माणसं कुठून आणणार? मदतीला आले ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी. कोण प्लेट बदलणार, कोण वेळ मोजणार, याच्या पुन्हा पुन्हा तालमी झाल्या.

त्याच दिवशी हीच सावली सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून गेली. तिथे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे कावसजी दादाभाई नायगमवाला सज्ज होते. पुढे ती वऱ्हाडातल्या तळणीला पोचली. तिथे खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर यांच्याकडे एक लहानसा कॅमेरा होता, भिंग अवघं दीड इंच व्यासाचं. त्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचा एक शलाकेसारखा किरण टिपला. तो सूर्याच्या त्रिज्येच्या जवळजवळ 14 पट लांब होता, तोवर कुणी इतका लांब किरण टिपला नव्हता.

लहान कॅमेऱ्याला हे कसं जमलं? प्रभामंडळ अंधूक असतं आणि पसरलेलं असतं. पसरलेल्या वस्तूचं चित्र किती उजळ पडेल हे भिंग किती मोठं यावर नाही, तर भिंगाचा व्यास आणि त्याचं नाभीय अंतर यांच्या प्रमाणावर ठरतं. लांबलचक दुर्बीण चित्र मोठं करते आणि उजेड पातळ करते. आखूड नाभीय अंतराचा लहान कॅमेरा तोच उजेड थोड्या जागेत गोळा करतो. माँडर यांना काम काय आहे हे नेमकं माहीत होतं, म्हणून साधन लहान असूनही पुरलं.

पुढे दादासाहेब फाळक्यांनीही तेच केलं. पैसे देणाऱ्यांना चलच्चित्र म्हणजे काय ते पटवायचं होतं. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी फिल्म उघडत त्याची वाढ टिपली. मिनिटभराच्या त्या फिल्ममागे कित्येक दिवसांची वाट पाहणं होतं. कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी मुंबईच्या चोरबाजारातून जुना प्रोजेक्टर आणला, त्याची रचना समजून घेतली आणि विष्णुपंत दामल्यांना हाताशी घेऊन 1918 मध्ये स्वतःचा मूव्ही कॅमेरा घडवला. 1920 चा ‘सैरंध्री’ त्यावर उतरला. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं, त्यांनी ती किंमत दिवसांत आणि कष्टांत चुकती केली.

माडावरचा डबा

शेवटचा प्रयोग सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग. पत्र्याचा एक लहान डबा घ्यावा. आतून काळा रंग द्यावा. बाजूला सुईने बारीक भोक पाडावं आणि त्याची बर पॉलिश पेपरने घासून काढावी. दहा सेंटिमीटर खोल डब्याला साधारण अर्ध्या मिलिमीटरहून किंचित लहान भोक योग्य. मोठं असलं तर चित्र पुसट, फार लहान असलं तर प्रकाश कडेला वळून पुन्हा पुसटच. भोकासमोरच्या भिंतीला काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद वाकवून लावावा. एवढी एकच वस्तू विकत आणावी लागते. झाकण टेपने बंद करून 22 डिसेंबरला तो डबा समुद्राकडे तोंड करून माडाला घट्ट बांधावा आणि विसरून जावा.

त्या दिवशी सूर्य पश्चिमेच्या चोवीस-पंचवीस अंश डावीकडे बुडतो. मग रोज थोडा उजवीकडे सरकतो. जूनमध्ये तो पश्चिमेच्या तितकाच उजवीकडे असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंश झाकते, म्हणजे वर्षभरात मावळता सूर्य कुणकेश्वरच्या क्षितिजावर पाच मुठी चालतो. पावसाच्या तोंडावर डबा सोडवावा. कागद रसायनात घालू नये, सरळ स्कॅन करावा. त्यावर रोजच्या सूर्याची एकेक रेघ उमटलेली असते. कोकण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे या रेघा जवळजवळ उभ्या पाण्यात उतरतात. डिसेंबरच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या आणि मार्चच्या सुट्या सुट्या, कारण त्या दिवसांत सूर्य सगळ्यात भराभर सरकतो. रेघ तुटली असेल तिथे त्या संध्याकाळी ढग आला होता. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या वेधशाळेत 2012 मध्ये रेजिना वाल्केनबोर्ग यांनी बिअरच्या डब्याचा असाच कॅमेरा लावला. तो 2020 मध्ये सापडला. त्यात आठ वर्षांचा सूर्य साठला होता.

आता चादरीकडे परत येऊ. या प्रकरणातल्या वस्तूंची यादी केली तर तांदळाची पिशवी, नायलॉनची दोरी, पंचा, खोक्याचं झाकण, आंब्याचा बॉक्स आणि पत्र्याचा डबा, यातलं बहुतेक घरातच सापडतं. पण पंचा ताणायला दोन माणसं लागतात, झाकण धरायला एक, आणि डब्याला पाच-साडेपाच महिने. महागडं साधन आपल्याला विकतं ते हेच, दुसऱ्याचे हात आणि वाचलेला वेळ. मे महिन्यात कुणकेश्वरला मुंबईकर पोरांनी घरं भरलेली असतात आणि दुपार संपता संपत नाही. एक पोर झाकण धरतं, दुसरं पंच्याचं टोक सोडून पळतं, तिसरं मांडवाखाली कवडशावर रुपया ठेवून तो पुरा झाकतो का ते बघतं. पळालेल्याला हाक मारून परत आणावं आणि पंच्याचं टोक पुन्हा त्याच्या हातात द्यावं.